धमक कुठून आली?

१९९३ च्या उन्हाळ्यात अमेरिकेत रेडिओ लावला, की थोड्या थोड्या वेळाने एकच आरोळी कानावर यायची. गंमत म्हणजे ती दोन वेगवेगळ्या गाण्यांतून यायची. एक अटलांटाच्या टॅग टीम या जोडीचं 'व्हूम्प! देअर इट इज', दुसरं फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलच्या ९५ साउथ या गटाचं 'व्हूट, देअर इट इज'. नावांत जेमतेम एका अक्षराचा फरक. दोन्हींचा ठेका पळता, दोन्हींच्या तळाशी छातीत बसणारी तीच धमक, आणि दोन्ही बाजारात आली महिन्याभराच्या अंतराने. साहजिकच लोकांनी तेव्हा विचारलं, आणि अजूनही विचारतात: कोणी कोणाचं ढापलं?

तारखा लावून पाहिल्या, की प्रश्न सुटण्याऐवजी गुंतागुंत वाढते. ९५ साउथचं गाणं दुकानात आधी आलं, पण टॅग टीमचं ध्वनिमुद्रण ऑगस्ट १९९२ मध्येच होऊन गेलं होतं. तेव्हा आधी ही धमक दक्षिणेच्या या शहरांत आली कुठून ते पाहू. त्यासाठी तेरा वर्षं मागे, थेट जपानात जावं लागेल.

१. नापास झालेलं यंत्र

रोलँड या जपानी कंपनीने १९८० साली टीआर-८०८ नावाचं ताल वाजवणारं यंत्र बाजारात आणलं. ज्यांच्याकडे ड्रम वाजवणारा माणूस नाही, अशा गायक-वादकांनी घरी गाणी बसवताना ते वापरावं, ही अपेक्षा. त्याच सुमाराला अमेरिकेत लिन नावाचं यंत्र आलं होतं. त्यात खऱ्या ड्रमचे आवाज भरून ठेवलेले होते आणि किंमत होती सुमारे ५,००० डॉलर. ८०८ ची किंमत १,१९५ डॉलर. स्वस्त असण्याचं कारण सोपं: त्यात खऱ्या ड्रमचा एकही आवाज नव्हता. सगळे आवाज विजेच्या मंडलांतून तयार व्हायचे, आणि ते ड्रमसारखे मुळीच वाटत नसत.

सगळ्यात कमी ड्रमसारखा होता तो बास ड्रम. या प्रकरणाचा नायक तोच, म्हणून तो नीट समजून घेऊ. डग्गा डोळ्यांसमोर आणा. बोटं पुडीवर पडतात तो आवाज क्षणात संपतो, मागे उरतो तो घुमारा. वादक मनगट दाबून तो घुमारा आवरतो किंवा मोकळा सोडतो. पाश्चात्त्य बास ड्रममध्ये थापेचा भाग मोठा आणि घुमारा आखूड असतो. ८०८ मध्ये नेमकं उलटं झालं. विजेचा एक झटका मंडलाला बसतो, मंडल सेकंदाला साधारण ५० वेळा हेलकावतं आणि हळूहळू शांत होतं. सेकंदाला ५० हेलकावे म्हणजे ५० हर्ट्झ, माणसाला ऐकू येणाऱ्या आवाजाच्या अगदी तळाशी. वादकाचं मनगट जे काम करतं ते इथे एका बटणाकडे होतं. 'डिके' असं लिहिलेलं ते बटण फिरवलं, की घुमारा लांबत जायचा. थाप नावापुरती, घुमारा मात्र जवळजवळ सुरासारखा.

गिऱ्हाइकांना हे आवडलं नाही. १९८३ साली उत्पादन थांबलं, तोवर सुमारे १२,००० यंत्रं बनली होती. बंद होण्यामागे आणखी एक मजेशीर कारण होतं. रोलँडचे संस्थापक इकुतारो काकेहाशी यांनी पुढे सांगितलं, की ८०८ च्या काही आवाजांतली खास खरखर सदोष ट्रान्झिस्टरांमुळे यायची, आणि ते त्यांनी मुद्दाम मिळवून वापरले होते. पुढे ट्रान्झिस्टर बनवणारे कारखाने सुधारले आणि पुरेसे खराब नग मिळेनासे झाले. सुट्या भागांचा दर्जा वाढला म्हणून ज्याची अडचण झाली, असं दुसरं वाद्य मला तरी माहीत नाही.

नापास यंत्राची किंमत जुन्या बाजारात घसरली. पैसे बेताचे आणि गाणी करायची हौस दांडगी, अशा पोरांच्या हाती ते पडलं.

२. जर्मन चाल, ब्राँक्सचे पाय

न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात आफ्रिका बंबाटा नावाचा डीजे पार्ट्यांत क्राफ्टवेर्क या जर्मन गटाच्या तबकड्या वाजवत असे. ड्युसेलडॉर्फमधले चार गंभीर चेहऱ्याचे गोरे लोक, गाणी रेल्वेवर आणि आकड्यांवर. पण त्यावर ब्राँक्स नाचायचं. १९८२ साली बंबाटाने निर्माता आर्थर बेकर आणि कीबोर्डवादक जॉन रॉबी यांच्याबरोबर 'प्लॅनेट रॉक' केलं. चालीचा धागा क्राफ्टवेर्कच्या १९७७ च्या 'ट्रान्स-युरोप एक्सप्रेस'मधला, ठेक्याची बांधणी त्यांच्याच १९८१ च्या 'नंबर्स'वरून. ८०८ मात्र यांच्यापैकी कोणाकडेच नव्हतं. वर्तमानपत्रातली छोटी जाहिरात पाहून ते यंत्र असलेला एक माणूस त्यांनी २० डॉलर देऊन बोलावला.

इथे वेगाचा हिशेब समजून घ्यायला हवा. गाण्याचा वेग मिनिटाला किती ठोके, असा मोजतात. 'प्लॅनेट रॉक' १३० च्या आसपास पळतं. ६० सेकंदांना १३० ने भागा: दोन ठोक्यांमध्ये ०.४६ सेकंद, म्हणजे अर्ध्या सेकंदाहूनही कमी. आता ८०८ च्या बास ड्रमचा घुमारा लांबवून ठेवलेला असेल, तर एक ठोका पुरता विरायच्या आत दुसरा येऊन आदळतो. मधली जागा रिकामी राहतच नाही. अशा गाण्यात वेगळी बास गिटार नसली तरी चालतं. ठेकाच खर्जाचं काम करतो. हेच ९५ ठोक्यांच्या संथ रॅपमध्ये केलं, तर दोन ठोक्यांत ०.६३ सेकंद मिळतात आणि शब्दांना ऐसपैस जागा होते.

न्यूयॉर्कने पुढे हा दुसरा रस्ता धरला. रन-डीएमसीसारख्या गटांनी ठेका सावकाश आणि टणक केला, शब्दांचं महत्त्व वाढलं. 'प्लॅनेट रॉक'ची धाव फ्लोरिडाने मात्र सोडली नाही.

३. मायामी: मैदान आणि मोटार

मायामीत थंडी जवळजवळ नाहीच, त्यामुळे पार्ट्या बागांत, समुद्रकाठी, उघड्यावर. जमैका, बहामा, हैती इथून आलेल्यांची मोठी वस्ती. त्यात जमैकाची मंडळी स्पीकरच्या भिंती रचून गाणी वाजवायची आपली रीत बरोबर घेऊन आली होती. लूथर कॅम्बेल हा लिबर्टी सिटी या काळ्या वस्तीतला तरुण 'घेटो स्टाइल डीजेज' या गटातून पुढे आला. मैदानात दोन गट आमनेसामने आले, की शब्दांची चतुराई कोण मोजतो? समोरच्याचा आवाज ज्याच्या खर्जाखाली बुडेल तो जिंकला. १९८५-८६ च्या सुमाराला या संगीताचं 'मायामी बेस' हे नाव रूढ झालं. कॅम्बेलने कॅलिफोर्नियातून आणलेला '२ लाइव्ह क्रू' हा गट त्यातला सर्वांत गाजलेला आणि सर्वांत वाह्यात. १९९० साली फ्लोरिडातल्या न्यायाधीशाने त्यांचा एक अख्खा अल्बम अश्लील ठरवला, १९९२ साली अपिलात तो निकाल फिरला. त्या खटल्यावर पुस्तकं लिहिली गेली आहेत. आपला विषय त्या गाण्यांच्या तळाचा आवाज.

खर्जाचं वागणं इतर आवाजांपेक्षा वेगळं का असतं? विसर्जनाची मिरवणूक अजून दोन गल्ल्या लांब असते. गाण्याचे शब्द कळत नाहीत, पण घरातल्या खिडकीची काच थरथरू लागते. कारण लाटेच्या लांबीत आहे. हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. ५० हर्ट्झचा आवाज सेकंदाला ५० लाटा काढतो, म्हणून एका लाटेची लांबी ३४३ भागिले ५०, म्हणजे जवळपास ७ मीटर. गाण्यातल्या 'स', 'श'सारख्या अक्षरांची फुसफूस ५,००० हर्ट्झच्या आसपास असते. तिची लाट जेमतेम ७ सेंटिमीटर. सात सेंटिमीटरची लाट भिंतीला, झाडाला, गर्दीला अडते. सात मीटरची लाट इमारतीचा कोपरा वळसा घालून पार करते आणि साध्या भिंतीही तिला फारशा रोखत नाहीत.

दुसरी अडचण आपल्या कानाची. कान खर्जाला बराच मठ्ठ असतो. १,००० हर्ट्झचा ४० डेसिबलचा स्वर जेवढा मोठा वाटतो, तेवढाच मोठा ५० हर्ट्झचा स्वर वाटायला हवा असेल तर तो जवळपास ७८ डेसिबलने वाजवावा लागतो. एकूण आवाज वाढवला, की ही तफावत कमी होते. बेसचं गाणं हळू लावलं की पोकळ लागतं आणि मोठ्याने लावलं की अंगावर येतं, ते यामुळे. ते गाणं वाजवणारा माणूस उगीच आवाज वाढवत नसतो (शेजाऱ्यांना हे पटवून देण्याच्या फंदात पडू नका).

आणि तिसरी गोष्ट मोटार. गाडीच्या आतली जागा तीनेक मीटर लांब, म्हणजे सात मीटरच्या लाटेच्या निम्मीही नाही. एवढ्याशा बंद जागेत लाटेला पसरायला वाव मिळत नाही. स्पीकरचा पडदा पुढे येतो तेव्हा आतल्या सगळ्या हवेचा दाब एकदम चढतो, मागे जातो तेव्हा एकदम उतरतो. खर्ज फुकटात वाढतो. मैदानात स्पीकरच्या भिंतीला जे जमतं, ते गाडीत डिकीतल्या दोन मोठ्या स्पीकरांना जमतं. त्यामुळे फ्लोरिडात ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस गाडीसाठीच केलेल्या तबकड्या आणि कॅसेटी निघू लागल्या. त्यांतल्या काही ऐकताना गाणं कमी आणि स्पीकरची परीक्षाच जास्त वाटते.

४. मॅजिक सिटी

फ्लोरिडाच्या वर जॉर्जिया, आणि जॉर्जियाची राजधानी अटलांटा. तिथे मॅजिक सिटी नावाचा क्लब १९८५ पासून चालू आहे. हा स्ट्रिप क्लब. तिथल्या नर्तिकांची कमाई मुख्यतः प्रेक्षक उधळतात त्या पैशांवर. डीजेच्या दृष्टीने या गोष्टीला फार महत्त्व आहे. रेडिओवर नवं गाणं लावलं तर ते आवडलं की नाही हे कळायला आठवडे लागतात. इथे गाणं पडलं तर त्याच मिनिटाला नोटा थांबतात, आणि नर्तकी डीजेला सुनावून जाते. दक्षिणेच्या हिप-हॉपचा इतिहास लिहिताना डीजे आणि निर्मात्यांची नावं येतात. गाणं पास की नापास हे ठरवणाऱ्या या बायकांची नावं कुठे लिहून ठेवलेली नाहीत, हे मला खटकतं.

त्या क्लबात सेसिल ग्लेन डीजे होता. रॅपमधलं त्याचं नाव डीसी द ब्रेन सुप्रीम. त्याचा जोडीदार स्टीव्ह गिब्सन, म्हणजे स्टीव्ह रोलन. दोघांची मैत्री डेन्व्हरच्या मॅन्युअल हायस्कूलमधली. डेन्व्हर म्हणजे पहाडी कोलोरॅडो. बेसच्या नकाशावर त्याचं नाव नव्हतं. अटलांटात आल्यावर ग्लेनला रोज दिसत होतं, की फ्लोरिडाचं बेस लावलं की मजला हलतो. मग आपणही एक बेसचं गाणं करावं, एवढाच विचार. ती आरोळी त्याला शोधावी लागली नाही. दक्षिणेच्या क्लबांत नाचणाऱ्यांच्या आणि नाच बघणाऱ्यांच्या तोंडी ती आधीपासून होती. ठुमका जमला, की उठायची.

आरोळीखाली घालायला चाल हवी होती. ती आली इटलीतून. कानो या मिलानच्या गटाचं १९८० चं 'आय'म रेडी' हे डिस्को गाणं. त्यातला सिंथेसायझरचा एक तुकडा उचलून टॅग टीमने तो गाणंभर फिरवला. दुसऱ्याच्या ध्वनिमुद्रणातला तुकडा कापून आपल्या गाण्यात असा बसवणं याला सॅम्पलिंग म्हणतात. चाल ऐकून पुन्हा वाजवणं निराळं, आणि मूळ वादकांनी वाजवलेला तोच आवाज वापरणं निराळं. सॅम्पलिंग म्हणजे हे दुसरं. 'व्हूम्प' पुन्हा ऐकाल तेव्हा धमकेवरून लक्ष काढून वर तरंगणाऱ्या त्या सुरावटीकडे द्या. गाणं डोक्यात घर करून बसतं ते तिच्यामुळे.

ऑगस्ट १९९२ मध्ये ध्वनिमुद्रण झालं आणि मॅजिक सिटीत ते लागलं. पहिल्याच वेळी मजला उसळला. पुढचं जवळजवळ वर्षभर त्याच गाण्याची सर्वांत जास्त फर्माईश होत राहिली. आणि या सबंध काळात एकामागून एक रेकॉर्ड कंपनी त्याला नकार देत होती. दक्षिणेचं हे बेस देशभर कोण ऐकणार, हा त्यांचा मुद्दा. शेवटी ग्लेनने आईवडिलांकडून २,५०० डॉलर उसने घेतले आणि ८०० तबकड्या काढल्या. तबकडीमागे सव्वातीन डॉलरांच्या आत खर्च. अटलांटा परिसरात त्या हां हां म्हणता संपल्या. आता पंचाईत अशी, की मागणी आहे आणि माल नाही.

त्याने ॲल बेल यांना गाठलं. बेल म्हणजे मेम्फिसच्या स्टॅक्स रेकॉर्ड्सचे एकेकाळचे सर्वेसर्वा. सोल संगीताचं हे मोठं घर १९७५ साली दिवाळखोरीत गेलं होतं, आणि नव्वदच्या दशकात बेल बेलमार्क नावाची छोटी कंपनी चालवत होते. ग्लेनने पूर्वी पाठवलेली एक तबकडी त्यांच्या लक्षात होती. त्यांनी 'व्हूम्प' न ऐकताच करार केला. याला जुगार म्हणता येईल, पण तो डोळे झाकून खेळलेला नव्हता: बेलमार्कचंच 'डेझी ड्यूक्स' हे ड्यूस या जोडीचं बेसचं गाणं त्या वेळी देशभर खपत होतं. मोठ्या कंपन्यांना जे दिसत नव्हतं, ते या माणसाच्या विक्रीच्या वहीत लिहिलेलं होतं.

५. एक आरोळी, दोन तबकड्या

मे १९९३ मध्ये 'व्हूम्प' देशभर आलं. बिलबोर्डच्या मुख्य यादीत ते सात आठवडे दुसऱ्या क्रमांकावर राहिलं. पहिल्यावर आधी यूबी४० आणि मग मरायाह कॅरी ठाण मांडून बसले होते. पण पहिल्या दहांत ते सलग २४ आठवडे टिकलं, आणि हा तोवरचा विक्रम होता. वर्षाच्या एकूण यादीत त्याच्या पुढे फक्त व्हिटनी ह्यूस्टन. खप चाळीस लाखांवर गेला. ९५ साउथचं 'व्हूट' अकराव्या क्रमांकापर्यंत पोचलं. हेही थोडकं यश नव्हे.

आता मूळ प्रश्नाला भिडता येईल. अमेरिकेच्या कॉपीराइट कायद्यात नुसत्या नावाला किंवा दोन-चार शब्दांच्या बोलाला संरक्षण नाही. आरोळी कोणाचीच नव्हती. क्लबात उभ्या असलेल्या कोणीही ती मारावी आणि कोणीही तिची तबकडी काढावी. अटलांटा आणि जॅक्सनव्हिल यांच्यात गाडीने पाचेक तासांचं अंतर, तबकड्या त्याच, नाच तोच. एकच आरोळी दोन शहरांत दोघांनी उचलावी यात मला नवल वाटत नाही. दोघांनीच उचलली, याचं वाटतं.

मग एक पुढे का गेलं? माझ्या कानाला ९५ साउथचं गाणं अस्सल फ्लोरिडाचं वाटतं: बोल रोखठोक, खर्ज सगळ्यांच्या वर. टॅग टीमकडे कानोची सुरावट होती, त्यामुळे ज्याला बेसशी देणंघेणं नाही त्यालाही गुणगुणायला काहीतरी मिळालं. शिवाय एकाने पुकारायचं आणि बाकीच्यांनी उत्तर द्यायचं, ही रचना क्लबाबाहेरही चालणारी. १९९३ च्या मोसमात फिलाडेल्फिया फिलीज या बेसबॉल संघाने ते आपलंच गाणं करून टाकलं. त्याच वर्षी 'ॲडम्स फॅमिली व्हॅल्यूज' या सिनेमासाठी टॅग टीमने त्याचं नवं रूप केलं, आणि १९९४ साली डिस्नेच्या एका अल्बममध्ये मिकी माउसबरोबर आणखी एक. स्ट्रिप क्लबातली आरोळी दोन वर्षांत बालगीत झाली.

९५ साउथच्या मागचे निर्माते जे मॅकगोवन आणि नॅथॅनियल ऑरेंज हात चोळत बसले नाहीत. १९९४ साली ६९ बॉइझचं 'टूट्सी रोल' आणि १९९६ साली क्वाड सिटी डीजेजचं आगगाडीवरचं नाचगाणं त्यांनीच केलं. 'स्पेस जॅम' सिनेमाचं शीर्षकगीतही याच क्वाड सिटी डीजेजचं. लांब पल्ल्याचा हिशेब मांडला, तर हिट गाण्यांच्या संख्येत जॅक्सनव्हिलच पुढे आहे.

६. पैसा कोणत्या वाटेने जातो

खरं भांडण झालं ते या दोन गाण्यांमध्ये नव्हे, तर 'व्हूम्प'च्या मालकीवरून. ते समजायला एकच गोष्ट माहीत हवी: एका गाण्यात दोन मालमत्ता असतात. पहिली रचना, म्हणजे शब्द आणि चाल. दुसरी ध्वनिमुद्रण, म्हणजे त्या दिवशी त्या स्टुडिओत पकडलेला आवाज. दोन्हींचे मालक वेगळे असू शकतात आणि बहुधा असतातच. उद्या दुसऱ्या कोणी हे गाणं नव्याने म्हटलं, तर रचनेच्या मालकाचा हिस्सा लागू होतो. ध्वनिमुद्रणाच्या मालकाला काही मिळत नाही. जुनीच तबकडी सिनेमात वाजवली, तर दोघांनाही विचारावं लागतं.

बेलमार्क १९९७ मध्ये दिवाळखोरीत गेली आणि तिची मालमत्ता डीएम रेकॉर्ड्स या कंपनीने विकत घेतली. ध्वनिमुद्रण तर मिळालंच, पण रचनाही त्याच सौद्यात आपल्याकडे आली असं डीएमचं म्हणणं. ॲल बेल म्हणाले, रचनेचे हक्क बेलमार्ककडे कधी नव्हतेच. ते माझ्या ॲल्व्हर्ट म्युझिक या वेगळ्या प्रकाशन-संस्थेकडे होते, मग दिवाळखोरीत ते विकले जातील कसे? सगळा वाद जुन्या करारातल्या शब्दांचा अर्थ काय लावायचा, यावर आला. टेक्सासमधल्या संघीय न्यायालयात २०१२ साली ज्यूरीने बेल यांच्या बाजूने २० लाख डॉलरांहून अधिक भरपाई ठरवली, आणि २०१४ साली अपील न्यायालयाने तो निकाल कायम केला. वीस वर्षांपूर्वीच्या नाचगाण्याच्या हक्काची ही किंमत.

गायकांचा वाटा या खटल्यात बाजूलाच राहिला. टॅग टीमला तेवढं मोठं दुसरं गाणं साधलं नाही. दोघं पार्ट्यांत, सामन्यांत, जुन्या गाण्यांच्या जलशांत तेच एक म्हणत राहिले. मग डिसेंबर २०२० मध्ये गायको या मोटार-विमा कंपनीच्या जाहिरातीत ते अचानक टीव्हीवर दिसले. एका स्वयंपाकघरात आइस्क्रीम वाढण्याच्या निमित्ताने हे दोघं उगवतात, आरोळीतला पहिला शब्द बदलून 'स्कूप' करतात आणि नाचत नाचत वाट्या भरतात. जाहिरात तुफान चालली. जाहिरात विम्याची होती, हे फार थोड्यांच्या लक्षात राहिलं असेल.